लपवलेली बरणी

फुलेवाडी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

आक्का,

नमस्कार. ज्वारीच्या पिठाची पिशवी काल दूधगाडीवाल्यानं घरपोच दिली. रिकामी पिशवी परत पाठवतेय, तिच्यातच हे पत्र. फोनवर मी "बरी आहे" म्हणते ते खरं धरत जाऊ नकोस. घर लहान, बोललेलं सगळं आत्यांच्या कानावर जातं, पृथ्वीराजांच्याही. आणि नवऱ्याला-सासूला ऐकू जाईल अशा आवाजात पोटाच्या भानगडी सांगायची मला लाज वाटते.

मी बरी नाही. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले. सिलिॲक हे नाव आमच्या गल्लीत अजून एकालाही धड घेता येत नाही, पण उपाय मात्र सगळ्यांकडे आहेत. "खपली गहू खा, त्येनं काय हुत न्हाय." "चपाती तुपात भिजवून खा." परवा शेजारच्या धोंडुबाईंनी सत्यनारायणाच्या शिऱ्याचा घास थेट माझ्या ओठाला लावला. म्हणे, "देवाचा परसाद हाय, ह्यात कसला आलाय गहू?" रवा कशाचा असतो हे त्या बाईला साठ वर्षांत कुणी सांगितलं नसेल का? तिच्या बोटांना तूप लागलेलं, ते माझ्या हनुवटीला लागलं. मी तोंड फिरवलं तर "लई शिष्ट हाय" हे वर ऐकून घेतलं. घरी येऊन साबणानं तोंड धुतलं.

कण न खाताही दिवसातून सहा वेळा जावं लागतं. पिवळट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं. चार बादल्या ओतल्या तरी जात नाही. वासानं मलाच ओकारी येते. शाळेच्या ऑफिसात मी टेबल दाराजवळ मागून घेतलं आहे, आणि का घेतलं ते सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. वजन एकोणचाळीस. डॉक्टर म्हणतात, रक्तातला आकडा दीडशे आहे, तो वीसच्या खाली यायला हवा, नाहीतर आतडं भरून यायचं नाही. मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "चोरून खाताय का?"

पीठ वेगळं, तवा वेगळा, चमचे वेगळे. गोळ्यांची पाकिटं, टूथपेस्ट, ओठांना लावायचं मलम, सगळ्यामागची बारीक अक्षरं मी वाचते. पण सोमवारी बघितलं तर आत्या माझ्या तव्यावर चपाती उलटत होत्या. विचारलं तर, "घासून ठेवणारच हुते की."

तुझी चटणी संपत आली. बरणी पाठव. डोळे मिटून तोंडात घालावी अशी तेवढी एकच गोष्ट उरली आहे.

तुझी
क्रांती


मुरगूड
१७ फेब्रुवारी २०२४

क्रांती,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून कागद भरत नाही.

माझ्या लेकीच्या जागी तू. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, माझ्या लग्नात माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आलीस ती इथंच वाढलीस. तुला मी असल्या घरात दिली याची आज मलाच चीड येते. तुझ्या तव्यावर चपाती! तवा काय घासून शुद्ध होतो? ती तुझी सासू, बाळाबाई, मला बघायच्या कार्यक्रमातच आवडली नव्हती. पोह्यांची बशी देताना अंगठा पोह्यात होता, नखात हळद का काय ते पिवळं. मी ते पोहे खाल्ले नव्हते. तुझ्या दाजींनी खाल्ले, त्यांना काही कळत नाही.

आता नीट ऐक. तिच्या हातचं काही खायचं नाही. भाजी नको, आमटी नको, ताकसुद्धा नको. तुझी भाकरी तू थाप. वर चटणी आणि तुझं वेगळं विरजलेलं दही. पोट जास्त बिघडलं की दोन-तीन दिवस नुसती चटणी-भाकरी. त्यावर आपला आजा नव्वद वर्षं जगला.

मोठी बरणी पाठवते. ही माझ्या हातची आहे, तिला कुठलं पाकीट नाही आणि मागं कसली बारीक अक्षरंही नाहीत. मिरची मी देठ खुडून घेते, कांदा मी वाळवते, लसूण मी सोलते, मिरची कुटायच्या डंकावर उभी मी राहते. हिंग पुडीचा घालत नाही, खडा आणून तेलात तळून घालते. म्हणून तर चटणी कुटून न्यायला कागलपासून बायका येतात.

तिला सांग, आक्कानं विचारलंय, सून मारायची आहे का?

आक्का


कोल्हापूर
१० मार्च २०२४

आक्का,

तुझं सगळं ऐकलं. तीन आठवडे आत्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांनी ताट वाढलं की मी उठून माझी भाकरी घ्यायची. त्यांनी दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवसापासून वाढणंच बंद केलं. आता घरात कुणी कुणाशी बोलत नाही, फक्त भांडी वाजतात.

आणि तरीही जास्त बिघडलं. बुधवारी अंथरुणातच झालं. एकतीस वर्षांची बाई मी. चादर गोळा करून मोरीत टाकली आणि तिथंच बसून राहिले. सकाळी बघते तर आत्यांनी धुऊन वाळत घातलेली. मला इतकं ओशाळं झालं की मी आभारही मानले नाहीत. उलट मनात आलं, यांच्याच हातून झालंय म्हणून धुतली असेल.

पृथ्वीराज म्हणाले, "आता आईच्या हातचं तू खात न्हाईस, मग हे कशानं? खरं सांग, शाळेत डब्यातलं खातीस का कुणाच्या?" डॉक्टर परके, त्यांनी म्हटलं ते मी सोडून दिलं. नवऱ्यानं म्हटल्यावर त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

आणि आज चटणीची बरणी जागेवर नाही. अर्धी होती. विचारलं तर आत्या म्हणतात, "फुटली." काच कुठं आहे म्हटलं, तर "टाकली." तेलाचा डाग नाही, वास नाही. खोटं बोलायचं तर जरा नीट तरी बोलावं. माहेरची एक बरणी होती, तीही या बाईला बघवली नाही.

क्रांती


मुरगूड
१२ मार्च २०२४

क्रांती,

वाचून अंगाची आग झाली. इतकी हलकी बाई मी आजवर बघितली नाही. डंकाचा सीझन सुरू आहे, दारात मिरचीची पोती आहेत, मला हलता येत नाही. नवीन सालाची चटणी झाली की ती घेऊन मीच येते. पत्रानं सुधारणारी ही माणसं नव्हेत.

आज संध्याकाळी तिला फोन करणार आहे.

आक्का


कोल्हापूर
११ एप्रिल २०२४

आक्का,

तुझ्या फोननं काम केलं. तू आत्यांना काय बोललीस ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्या सुतासारख्या सरळ आहेत. आणि महिना झाला, माझं पोट शांत आहे! दिवसातून एकदा, फार तर दोनदा. वजन दीड किलोनं वाढलं. टेबल दाराजवळून परत खिडकीशी नेलं, तर आमचे हेडक्लार्क म्हणाले, "अभिनंदन." आधी रागच आला, मग हसू आलं.

म्हणजे तुझाच अंदाज खरा. त्या काहीतरी करत होत्या, आणि भीतीनं थांबल्या. एका छताखाली राहून कुणी असं करतं का?

पाडव्याला त्यांनी तांदळाच्या उकडीत पुरण भरून वेगळ्या तेलावर माझ्यासाठी चार पोळ्या केल्या होत्या. ताट ठेवून गेल्या, खा म्हणाल्या नाहीत. भीत भीत एक खाल्ली. काही झालं नाही. मग चारही खाल्ल्या.

तेव्हा आता येऊ नकोस. चाललंय ते चालू दे.

क्रांती


कोल्हापूर
२३ एप्रिल २०२४

आक्का,

येऊ नकोस म्हटलं होतं ना?

रविवारी तू आलीस, चप्पल काढल्याबरोबर सैपाकघरात शिरलीस आणि आत्यांचे आठ डबे अंगणात नेऊन पालथे केलेस. डाळ, पोहे, रवा, मसाल्याचा डबा, सगळं. धोंडुबाई आणि तिच्या दोन्ही सुना कठड्यावरून बघत होत्या. "बघा, बघा, हिच्या डब्यात किडं हाईत आन माज्या भनीच्या पोटात दुकतंय!" असं तू ओरडत होतीस. किडे डाळ-तांदळात सगळ्यांच्याच होतात, आक्का. आपल्याही होत होते.

तांदळाच्या पिंपात ती बरणी सापडली हे खरं. तेव्हा मलाही संताप आला. पण तू ती आत्यांच्या तोंडासमोर धरून "चोर" म्हणालीस, आणि त्यांनी फक्त पदर सावरला. तू गेल्यावर त्यांनी मातीत सांडलेली डाळ सुपात घेतली आणि संध्याकाळपर्यंत निवडत बसल्या. पृथ्वीराज मदतीला गेले तर त्यांनाही हाकललं.

नवीन बरणी ठेवून गेलीस ती आहे. आता तिला कुणी हात लावत नाही.

क्रांती


मुरगूड
२७ एप्रिल २०२४

क्रांती,

मला पश्चात्ताप नाही. बरणी चोरून तांदळात पुरणारी बाई तुझ्या जेवणात काय पुरत असेल? गप्प बसली म्हणतेस, तोंड असतं तर बोलली असती.

मी सगळं ठरवून टाकलंय. १२ मे, रविवार, तुमच्याच घरात बैठक. तुझे दाजी येतील, आपले चुलते आण्णा येतील, गावातली दोन जाणती माणसं येतील. आमच्या पावण्यांना, पृथ्वीराजांना, सरळ विचारायचं, वेगळी चूल मांडता की आम्ही पोरगी घेऊन जाऊ? तुझी नोकरी इथल्या शाळेत बघू. तोवर पुन्हा तोच नेम. तिच्या हातचं बंद, चटणी-भाकरी चालू. यंदाची चटणी गेल्या सालापेक्षा तिखट उतरलीय, आणि खडा हिंग मी मुद्दाम जास्त घातलाय. तुझ्या पोटातला वारा धरायला बरा.

आक्का


कोल्हापूर
६ मे २०२४

आक्का,

शनिवारी शाळेत चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले ती दवाखान्यात, हाताला सलाईन. कपडे बदललेले होते. कुणी बदलले, कशाकशात बदलले, ते विचारायचं धाडस झालं नाही. पाच-सहा दिवस परत तेच सुरू होतं, आणि तू सांगितलंस तसं मी चटणी-भाकरीवरच होते. नवीन रिपोर्ट आला. दीडशेचे एकशे नव्वद झाले. डॉक्टरांनी फाईल टेबलावर टाकली आणि म्हणाले, "तुम्हाला बरं व्हायचंच नसेल तर मी काय करणार?"

मी थकले. या घराची, या शरीराची, सगळ्याची शिसारी आली. तू म्हणतेस तसं होऊ दे. बैठकीला मी पृथ्वीराजांसमोर सांगेन की मला मुरगूडला जायचं आहे. त्यांना हे अजून माहीत नाही. काल रात्रभर ते बाकावर बसून होते, आणि मी त्यांच्याकडं पाठ करून पडले होते.

एक सांगते, म्हणजे तुला कळेल मी का कंटाळले. आत्या भेटायला आल्या. पेज आणली होती. उशाशी बसल्या आणि पहिलं काय विचारावं? "चटणी खाल्लीस न्हवं?" मरायला टेकले तरी या बाईच्या डोळ्यात ती बरणीच सलते.

क्रांती


मुरगूड
१० मे २०२४

क्रांती,

हे पत्र मी दोन दिवस आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. भ्याले.

तुझं पत्र मंगळवारी आलं. "चटणी खाल्लीस न्हवं" हे वाक्य वाचून मी बाळाबाईला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की डंकावर लक्ष लागेना. बुधवारी मुरगूडच्याच एका बाईची चटणी कुटायला घेतली, खडा हिंग काढायला डबा उघडला आणि ते वाक्य परत डोक्यात आलं. पोरगी दवाखान्यात पडलीय आणि सासू नेमकं हेच का विचारते? तू टूथपेस्टची पाठ वाचतेस. मी माझ्या डब्याची पाठ पंधरा वर्षांत कधी वाचली नव्हती. पालथा केला. अक्षरं मुंगीएवढी. माझ्या चष्म्यावर तुझ्या दाजींचा चष्मा धरून वाचलं.

खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

गहू, क्रांती. आणि तोही हिंगाच्या आधी लिहिलेला. मी दुकानात गेले. दुकानदार हसला. म्हणाला, "अहो वैनी, नुसता हिंग कोण खातंय? खडा बांधायला पीठ घालत्यातच की. समदेच घालत्यात." मी विचारलं, हे मला कधी सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुमी कवा इचारलंसा?"

परत आले. डंकातली चटणी हाताला लागलेली होती. हात धुतले. मग परत धुतले, मातीनं घासून धुतले. जन्मभर लोकांच्या नखात घाण शोधली आणि माझ्याच हाताची मला किळस आली. पोट बिघडलं की जास्त खा म्हणून मीच तुला सांगत होते. यंदा मुद्दाम जास्त हिंग घातला म्हणून मीच कौतुकानं लिहिलं. तू सहा-सहा वेळा जात होतीस ती माझ्या हातानं.

पहिल्यांदा मनात काय आलं तेही सांगते, लपवत नाही. डबा चुलीत टाकावा, दुसरा हिंग आणावा, आणि तुला काही कळू देऊ नये. बैठक होऊ द्यावी. तू इथं आली असतीस, बरी झाली असतीस, आणि जन्मभर सगळ्यांनी बाळाबाईला दोष दिला असता. दोन दिवस मी हा विचार घेऊन जेवले. आज सकाळी ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले.

बरणी फेकून दे. बैठक मोडली, आण्णांना कळवलं, कारणही सांगितलं. हे पत्र तुझ्या सासूला सगळं वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस. पोह्यांचंही मी तुला लिहिलं होतं ते सांग. त्यांना विचार, मी येऊन पाय धरू का?

आक्का


कोल्हापूर
२१ मे २०२४

आक्का,

बरणी टाकली. आता दहा दिवस होत आले, पोट थाऱ्यावर आलं आहे. रक्ताची तपासणी दिवाळीनंतर करू म्हणाले डॉक्टर, आकडा हळूहळू खाली येतो. त्यांनाही हिंगाचं सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. चोरून खाता म्हणाल्याबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

मी मुरगूडला येणार होते हे पृथ्वीराजांना आता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीबी तुला इचारायला नको हुतं तसं." एवढंच. पण परवा माझा तवा त्यांनी स्वतः घासून ठेवला.

तुझं पत्र मी आत्यांना वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही, पोह्यांचंही सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, शेवटची जुडी होईपर्यंत मान वर केली नाही. मला राहून राहून ती धुतलेली चादर आठवत होती. मग हात झटकून म्हणाल्या, "कागुद घे. मी सांगती, तू ल्ही. सुदारून लिव्हू नगंस." म्हणून जसं बोलल्या तसं लिहिते:

"क्रांतीच्या आक्कास्नी बाळाबाईचा नमस्कार. तुमी मुद्दाम काय केलं न्हाय, ह्ये मला पयल्यापास्नं ठावं हुतं. मला वाचाय येत न्हाय. पर पोरीचं अंथरून मी धुतलंय, मोरी मी धुतलीया, संडास मी घासलाय. कवा बिघाडतंय आन कवा न्हाय, ह्ये डाक्टरच्या आदी मला कळतंय. माज्या हातचं सोडलं आन नुसत्या चटणी-भाकरीवर ऱ्हायली, तवा जास्त झालं. म्हून बरणी दडीवली. पोरगी म्हैनाभर बरी ऱ्हायली. मग तुमी आलासा.

"बोलली का न्हाईस म्हणशीला. सासूनं म्हायेरच्या चटणीला नाव ठेवलं तर कोण खरं मानतंय? तुमी मानलं असतं? माज्या पोरानं बी मानलं नसतं.

"तव्यावर चपाती मी एकदा टाकलीती, ती माजी चूक. ती तेवडी माजी.

"पाय धरू नगासा. तुमी मोट्या मनानं सांगितलं, न्हाय सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, ह्ये मी जाणती. पोरगी तुमची हाय. तिला बघाय कवाबी या. जेवल्याबिगर मी कुणाला सोडत न्हाय, तुमास्नी बी सोडणार न्हाय. पर पान भाईरच्या सोप्यात वाढीन. ज्या सैपाकघरातलं डबं तुमी गल्लीम्होरं वतलंसा, त्यात पाय ठेवायचा न्हाय. मी जित्ती हाय तवर न्हाय."

मी म्हटलं, "आत्या, शेवटचं राहू दे का?"

"ल्ही," म्हणाल्या.

लिहिलं, आक्का. आणि मला ते बरोबर वाटलं.

क्रांती